कॅनडातल्या लोकांचं अमेरिकेवरून मन का उडालं?

लेकशोअर | हॅमिल्टन, ओंटारियो

भारतातल्या नातेवाइकांशी बोलताना हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. "तुम्ही कॅनडावाले अमेरिकेवर एवढे कशाला तापलाय? आयातकर तर त्यांनी सगळ्या जगावर लावलाय." फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहायला घेतलं.

मी हॅमिल्टनला राहते. पोलादाचं गाव. करांचा फटका इथे अगदी खरा आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं पोलाद आणि ॲल्युमिनियमवरचा कर २५ वरून ५० टक्क्यांवर नेला, तेव्हापासून गल्लीत कोणाच्या शिफ्ट कमी झाल्या, कोणाला घरी बसवलं, हेच बोलणं असतं. तरीही सांगते, लोकांच्या मनात जे सलतंय ते कराचं नाही. कर याआधीही लागले होते. २०१८ मध्ये 'राष्ट्रीय सुरक्षेला धोका' या कारणाखाली कॅनडाच्या पोलादावर २५ टक्के कर लावला होता, वर्षभरानं तो उठला, आणि लोक पुन्हा सीमेपलीकडच्या बफेलोला खरेदीला जायला लागले. या वेळी तसं झालेलं नाही.

या वेळी आधी '५१ वं राज्य' आलं. नोव्हेंबर २०२४ च्या शेवटी ट्रम्प यांनी २५ टक्के कराची धमकी दिली, मग आमचे तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांना 'गव्हर्नर' म्हणायला सुरुवात केली. तोवर लोक हसण्यावारी नेत होते. ७ जानेवारी २०२५ च्या पत्रकार परिषदेत त्यांना विचारलं की कॅनडासाठी लष्कर वापरणार का, तर ते म्हणाले, नाही, आर्थिक बळ वापरू. माझ्या आठवणीत त्या दिवसापासून ऑफिसमधलं हसणं थांबलं. ४ मार्चला कर प्रत्यक्ष लागू झाला, तेव्हा लोकांनी त्याच्याकडे व्यापारातला डावपेच म्हणून पाहिलंच नाही. ज्या देशाबरोबर ८,८९१ किलोमीटरची सीमा आहे आणि तिच्यावर कुठेही सैन्य तैनात नाही, तो देश म्हणतोय की तुमचा वेगळा देश असण्याची गरजच काय. ते वर्मी लागलं.

त्याच दिवशी ओंटारियोच्या सरकारी दारू दुकानांतून अमेरिकन माल उतरवला. जगातल्या सर्वांत मोठ्या दारू खरेदीदारांपैकी ही एक संस्था, वर्षाला जवळपास एक अब्ज डॉलरचा अमेरिकन माल विकायची. बर्बन व्हिस्की आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनची फळीच्या फळी रिकामी, आणि तिथे कॅनडाचा माल घ्या अशा पाट्या. किराणा दुकानांत किमतीच्या चिठ्ठीवर मेपलचं लाल पान दिसायला लागलं. आमच्याकडे एका साखळी दुकानानं करामुळे महागलेल्या वस्तूंवर 'टी' अक्षर छापलं. माझ्या सासूबाई, ज्यांना इंग्रजी जेमतेम वाचता येतं, त्याही आता संत्र्याच्या जाळीवरची चिठ्ठी उलटून बघतात आणि मोरोक्को किंवा दक्षिण आफ्रिकेचं असेल तर घेतात. बारीक अक्षरांतले नियमही लोकांना पाठ झालेत. 'प्रॉडक्ट ऑफ कॅनडा' लिहायचं तर जवळपास सगळा, ९८ टक्के खर्च कॅनडातला हवा. 'मेड इन कॅनडा'ला ५१ टक्के पुरतो. हा फरक दोन वर्षांपूर्वी माझ्या ओळखीत कुणालाही ठाऊक नव्हता.

आता आकडे. प्यू या अमेरिकन पाहणी संस्थेच्या २०२५ च्या पाहणीत अमेरिकेबद्दल चांगलं मत असलेले कॅनेडियन ३४ टक्के निघाले. वर्षभरापूर्वी ते ५४ टक्के होते. त्याच संस्थेनं विचारलं, तुमच्या देशाला सर्वांत मोठा धोका कोणाचा? ५९ टक्के लोकांनी अमेरिकेचं नाव घेतलं. आणि सर्वांत महत्त्वाचा मित्र कोण? ५५ टक्क्यांनी पुन्हा अमेरिकाच सांगितली. मला हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले की सगळं कळतं. ज्याच्यावाचून चालत नाही, त्याचीच भीती वाटायला लागलीये.

उलट बाजूला बघा. अमेरिकेत गॅलप ही पाहणी कंपनी दरवर्षी विचारते की कुठल्या देशाबद्दल तुमचं मत चांगलं आहे. कॅनडा कायम वरच्या एक-दोन नंबरांत, दहापैकी आठ-नऊ लोक चांगलंच बोलतात. म्हणजे त्यांचं आमच्याबद्दलचं मत बदललेलंच नाही. मला वाटतं इथल्या लोकांना याचंच जास्त लागतं. एवढं सगळं झालं आणि पलीकडच्या माणसाला पत्ताच नाही.

दोन्हीकडचे मराठी लोक इथे आहेत. तुमच्या आजूबाजूला काय दिसतं ते मोकळेपणानं लिहा. ट्रम्प चांगले की वाईट यावर धागा जाऊ नये एवढीच विनंती.

पेठकर | पुणे

सविस्तर लिहिलंत, धन्यवाद. एक शंका. आपल्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये आधी २५ आणि मग आणखी २५ टक्के लागले. कोळंबी, कापड, हिरे, सगळ्यांना फटका बसला. पण पुण्यात कुणी अमेरिकन वस्तू फळीवरून उतरवल्या नाहीत, कुणी अमेरिकेचं तिकीट रद्द केलं नाही, उलट व्हिसाची तारीख मिळत नाही म्हणून लोक हवालदिल आहेत. कॅनडात हे एवढ्या खालपर्यंत कसं झिरपलं?

डेट्रॉईट_काठ | मिशिगन

लेकशोअर ताई, शेवटून दुसरा परिच्छेद वाचून थांबलो. अगदी बरोबर पकडलंत. मी कित्येक वर्षं डेट्रॉईटच्या उपनगरात आहे. घरातून निघून नदीकाठी गेलं की समोर विंडसर दिसतं, तेही दक्षिणेला. इथून दक्षिणेला बघितलं की कॅनडा, हे बाहेरच्या माणसाला खरं वाटत नाही.

एवढ्या जवळ राहून सांगतो, माझ्या ऑफिसातल्या अमेरिकन सहकाऱ्यांना हा दुरावा ठाऊकच नव्हता. त्यांच्या मते '५१ वं राज्य' ही एक थट्टा होती आणि थट्टा संपली. पाहण्यांतही बहुसंख्य अमेरिकनांना कॅनडा जोडून घ्यायचा नाहीये. पण 'नको' म्हणणं वेगळं आणि त्यावर राग येणं वेगळं. राग कुणाला आला नाही. एका सहकाऱ्याला मी विंडसरच्या रिकाम्या फळ्यांचे फोटो दाखवले तर तो मनापासून गोंधळून म्हणाला, "पण आम्हाला तर ते लोक आवडतात."

ही प्रेमाची जी जात आहे ना, तिच्यात माहिती शून्य असते. टोरांटोची मुलगी ऑफिसात बोलली तर ती कॅनडाची आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आपलंच माणूस समजतात. आता तिला तेच नको झालंय.

नदीपलीकडे | विंडसर, ओंटारियो

मी या धाग्याच्या मधोमध राहतो म्हटलं तरी चालेल. घर विंडसरला, नोकरी डेट्रॉईटला. टीएन परवान्यावर रोज नदी ओलांडतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कॅनडा-अमेरिका-मेक्सिको व्यापार करारात ठरावीक व्यवसायांच्या कॅनेडियन नागरिकांना अमेरिकेत काम करायची सोय आहे. लॉटरी नाही, वर्षानुवर्षांची रांग नाही. विंडसरमधून इंजिनियर जातात आणि शेकड्यांनी नर्सेस जातात. डेट्रॉईटची हॉस्पिटलं त्यांच्यावर चालतात. आमच्या मराठी मंडळातही अशी घरं आहेत. या कराराचा आढावा जुलै २०२६ मध्ये ठरलेला आहे, त्यामुळे आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर राजकारण आपोआप येतं.

पेठकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर विंडसरमध्ये मिळेल. कॅनडाच्या निर्यातीपैकी सुमारे तीन चतुर्थांश माल एकाच देशात जातो. मोटारींचं तर विचारूच नका. १९६५ च्या ऑटो करारापासून दोन्ही देशांत मिळून एकच कारखाना आहे असं समजा, मधून फक्त नदी जाते. गाडीचा एकेक भाग तयार गाडीत बसेपर्यंत पाच-सहा वेळा सीमा ओलांडतो. एप्रिल २०२५ मध्ये गाड्यांवर २५ टक्के कर लागला आणि त्याच आठवड्यात आमच्या इथला मोठा असेंब्ली प्लान्ट दोन आठवडे बंद ठेवला. ऑक्टोबरमध्ये ब्रॅम्प्टनला बनणार होती ती जीप कंपास इलिनॉयला नेली. इंगरसोलचा इलेक्ट्रिक व्हॅनचा प्रकल्प बंद झाला. भारताला अमेरिका हे एक मोठं गिऱ्हाईक आहे. इथे पन्नास-साठ वर्षं लोकांनी मुलांची शिक्षणं, घरांचे हप्ते, म्हातारपण, सगळं या एका विश्वासावर मांडलं होतं. म्हणून खालपर्यंत झिरपलं.

आणखी एक गोष्ट सांगतो, बाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. इथे राग व्यक्त करायला जी घोषणा आली, 'एल्बोज अप', म्हणजे कोपरं वर, ती बर्फावरच्या हॉकीतली. गॉर्डी हाऊ नावाचा सस्कॅचेवनचा पोरगा कोपराच्या धसक्यानं समोरच्याला दूर ठेवायचा, त्याच्यावरून. मार्च २०२५ मध्ये माईक मायर्स या कॅनेडियन विनोदी नटानं अमेरिकन टीव्हीवर कोपर दाखवलं आणि ती सगळ्या देशात झाली. पण हा गॉर्डी हाऊ २५ हंगाम खेळला कुणासाठी? डेट्रॉईटसाठी. तिथे त्याला देवासारखं मानतात. आमच्या नदीवर जो नवा पूल उभा राहिलाय, त्याला त्याचंच नाव दिलंय. २०१८ मध्ये काम सुरू झालं, सुमारे ६.४ अब्ज कॅनेडियन डॉलर लागले, आणि हा सगळा पैसा कॅनडानं घातलाय, अमेरिकेच्या बाजूचासुद्धा. टोलमधून फिटेल तेव्हा फिटेल. जुना अँबेसेडर पूल १९२९ चा, खासगी मालकीचा, आणि दोन देशांच्या व्यापाराचा सुमारे पाव हिस्सा त्या एका पुलावरून जातो. नवा पूल हवाच होता. तो पूर्ण होत आला आणि पलीकडे जाणारी माणसंच कमी झाली. बोगद्यातून डेट्रॉईटला जाणारी आमची सिटी बससुद्धा २०२५ मध्ये बंद झाली. हॉकीच्या मॅचला, मैफिलीला, नोकरीला त्या बसनं लोक जायचे.

चिनूक | कॅल्गरी, आल्बर्टा

मी थोडं वेगळं लिहिणार आहे, कुणी रागावू नये.

'कॅनडाला असं वाटतं' असं जेव्हा टोरांटोकडून लिहिलं जातं तेव्हा आल्बर्टाचा माणूस सावध होतो. आमचं तेल रोज सुमारे ४० लाख बॅरल अमेरिकेत जातं. अमेरिका जेवढं कच्चं तेल बाहेरून घेते त्यातलं जवळपास ६० टक्के कॅनडाचं. कर लावताना त्यांनी ऊर्जेवर २५ ऐवजी १० ठेवला तो याचसाठी. मग टोरांटो-ओटावाहून सूर निघाला की तेलावर निर्यातकर लावा, नळ बंद करा. म्हणजे लढायचं सगळ्यांनी आणि किंमत मोजायची आल्बर्टानं. आमच्या प्रीमियर, म्हणजे प्रांताच्या मुख्यमंत्री, जानेवारी २०२५ मध्ये फ्लोरिडाला जाऊन ट्रम्पना भेटल्या तर त्यांना फितूर म्हटलं गेलं. घराघरात नोकरी तेलावर असेल तर माणूस बोलणी करायलाच जाणार ना?

सगळ्या पाइपलाइनी दक्षिणेला का वळल्या, याचाही विचार करा. पूर्वेकडे न्यू ब्रन्स्विकपर्यंत न्यायची एनर्जी ईस्ट २०१७ मध्ये बारगळली, ती देशांतर्गत विरोधामुळे आणि नियमांमुळे. कीस्टोन एक्सएल रद्द केली ती बायडन यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, पहिल्याच दिवशी. तेव्हा ओंटारियोत कुणी अमेरिकन माल फळीवरून उतरवला नव्हता. आमच्या पोटावर पाय आला तेव्हा तो 'पर्यावरणाचा प्रश्न' होता, तुमच्या पोटावर आला तेव्हा 'देशाचा प्रश्न' झाला, असं इथल्या माणसाला वाटतं, आणि मला ते चुकीचं वाटत नाही.

५१ वं राज्य इथेही नको आहे. बहुसंख्य आल्बर्टावाले स्पष्ट नको म्हणतात. पण रागाचा पारा इथे ओंटारियोइतका चढलेला नाही हे मात्र खरं. आमच्याकडे अमेरिकन दारू जूनमध्येच परत फळीवर आली.

लेकशोअर

चिनूक, बरं झालं लिहिलंत. रागवायचं कशाला? कीस्टोनचा मुद्दा मला पटला. २०२१ मध्ये इथे त्या बातमीवर कुणी हळहळलं नव्हतं. आता संपूर्ण देशातून जाणाऱ्या पाइपलाइनीला ओंटारियोतच काय, क्विबेकमध्येही पूर्वीपेक्षा जास्त लोक हो म्हणताहेत. ते तेव्हाच व्हायला हवं होतं.

एक मात्र सांगते. हॅमिल्टनचा पोलाद कामगार 'नळ बंद करा' म्हणत नाही. त्याला ठाऊक आहे नळ बंद झाला की काय होतं.

माईसाहेब | मॉन्ट्रियल, क्विबेक

क्विबेकचं अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. इथे फ्रेंच बोलणारे शेजारी अमेरिकेशी फार जवळीक ठेवून असायचे. उन्हाळा आला की अमेरिकेतल्या मेन राज्याच्या समुद्रकिनाऱ्यावर, ओल्ड ऑर्चर्ड बीचला, अर्धं मॉन्ट्रियल. तिथल्या मोटेलांवर फ्रेंच पाट्या. १९८८ मध्ये मुक्त व्यापारावर निवडणूक झाली तेव्हा क्विबेक मुक्त व्यापाराच्या बाजूनं होता, ओंटारियोतच जास्त विरोध होता. इंग्रजी कॅनडावर इथल्या लोकांचा जेवढा राग तेवढा अमेरिकेवर कधीच नव्हता. तेच लोक २०२५ च्या उन्हाळ्यात क्विबेकमधल्याच गास्पेला गेले, ओल्ड ऑर्चर्डला गेले नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला वणवे लागले तेव्हा आमच्या प्रांताची पाणी टाकणारी पिवळी-लाल विमानं तिथे होती. ती दरवर्षी जातात, १९९४ पासून करार आहे. समुद्रातून पाणी उचलायचं आणि आगीवर ओतायचं. त्यातल्या एकाला कुणाचा तरी ड्रोन धडकला, पंखाला भोक पडलं. त्याच आठवड्यात 'आर्थिक बळ' वापरायची भाषा चालू होती. इथल्या लोकांनी या दोन बातम्या एकाच वेळी बघितल्या आणि त्या विसरणार नाहीत.

आता स्टॅन्स्टेडच्या ग्रंथालयाबद्दल. क्विबेकचं स्टॅन्स्टेड आणि व्हरमाँटचं डर्बी लाइन ही दोन गावं म्हणजे खरं तर एकच गाव. १९०४ मध्ये तिथे मुद्दाम सीमेवरच हॅस्केल ग्रंथालय बांधलं, दोन्हीकडच्या लोकांना वापरता यावं म्हणून. वाचनखोलीत जमिनीवर काळी पट्टी आखलीये, ती सीमा. वरच्या मजल्यावर नाट्यगृह आहे. रंगमंच कॅनडात आणि बहुतेक खुर्च्या अमेरिकेत. दार अमेरिकेच्या बाजूला. शंभराहून जास्त वर्षं स्टॅन्स्टेडचे लोक फुटपाथनं वळसा घालून त्या दारातून आत जायचे, ना कुठे नोंद, ना शिक्का. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेनं ते बंद करायचं ठरवलं. आधी ग्रंथालयाचे सभासद आणि कर्मचारी एवढ्यांनाच मुभा, मग ऑक्टोबरपासून तीही नाही. कॅनडाच्या बाजूला मागे आणीबाणीचं दार होतं, तिथून लोक आत यायला लागले. कायमचं नीट दार करण्यासाठी वर्गणी काढली तर दोन्ही देशांतून पैसे आले. मी नातवंडांना घेऊन तिथे गेले होते. पट्टीच्या पलीकडे मुलांची पुस्तकं आहेत, आत तुम्ही कुठेही फिरा, कुणी अडवत नाही. आत एकच खोली, बाहेर दोन दारं. मला फार वाईट वाटलं.

आणि म्हणूनच सरसकट बहिष्कार मला पटत नाही. डर्बी लाइनच्या ज्या बाईंनी स्टॅन्स्टेडच्या दारासाठी वर्गणी दिली तिच्या दुकानात मी का जाऊ नये? मेनच्या गव्हर्नरांनी रस्त्यावर कॅनेडियनांच्या स्वागताच्या पाट्या लावल्या, फ्रेंचमध्येसुद्धा. कॅलिफोर्नियातल्या पाम स्प्रिंग्जनं कॅनडा प्रेमाचे झेंडे लावले. सीमेजवळचं न्यू यॉर्क राज्यातलं प्लॅट्सबर्ग तर आमच्यावरच जगतं. या लोकांना आपण शिक्षा देतोय आणि ज्यांना लागायला हवी त्यांना ती पोचतही नाही.

चिनूक

माईसाहेब, शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन.

नदीपलीकडे

माईसाहेब, आदर ठेवून असहमत. पोचते. २०२४ मध्ये कॅनेडियनांनी अमेरिकेला दोन कोटींहून जास्त भेटी दिल्या आणि वीस अब्ज डॉलरच्या वर खर्च केला. २०२५ च्या वसंतापासून गाडीनं जाऊन येणाऱ्यांची संख्या महिन्यामागून महिने आदल्या वर्षापेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी राहिली. अमेरिकन दारूची कॅनडातली निर्यात २०२५ च्या दुसऱ्या तिमाहीत ८५ टक्क्यांनी घसरली. केंटकीचे सिनेटर, नेवाडाचे हॉटेलवाले, न्यू यॉर्कच्या सीमेवरचे लोकप्रतिनिधी वॉशिंग्टनला जाऊन बोलले ते यामुळेच. त्या दुकानदार बाई भल्या आहेत, मला शंका नाही. पण त्यांच्या प्रतिनिधीपर्यंत आवाज जायचा मार्ग त्यांच्याच दुकानातून जातो. सामान्य माणसाच्या हातात दुसरं काय आहे?

टोरांटोकाका | स्कारबरो

मी सत्तरच्या दशकात आलो. तुमच्यापैकी बहुतेकांचा जन्म नसेल. तेव्हा बफेलोला जाताना खिडकीतून विचारायचे, कुठले तुम्ही? टोरांटो म्हटलं की जा. आमच्यासारख्या सावळ्या माणसाला कधीमधी जास्त विचारायचे, ते सोडा. २००९ पर्यंत जमिनीवरून जायला कॅनेडियन नागरिकांना पासपोर्टसुद्धा लागत नव्हता.

११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेचं आकाश बंद झालं तेव्हा न्यूफाउंडलंडच्या गँडर नावाच्या छोट्या गावात ३८ विमानं उतरली. गावाची वस्ती दहा हजारांच्या आत-बाहेर आणि पाहुणे साडेसहा हजारांहून जास्त. लोकांनी शाळा उघडल्या, घरं उघडली, अंथरुणं दिली. स्कूलबस चालवणारे संपावर होते, ते संप सोडून आले. त्यानंतर अफगाणिस्तान. तिथे आपले १५८ सैनिक गेले. त्यातले चार तर एप्रिल २००२ मध्ये अमेरिकन विमानानं चुकून टाकलेल्या बॉम्बनं गेले. तरीही कॅनडा मागे फिरला नाही. हायवे ४०१ वर ट्रेंटन ते टोरांटो शवपेट्या नेताना प्रत्येक पुलावर माणसं उभी असायची. मी आणि सौ. उभे राहायचो. आम्ही जन्मानं भारतीय, पण त्या पुलावर आम्ही कॅनेडियन झालो.

आता कुणी म्हणतं की अमेरिकेनं तुम्हाला पोसलं, तुमचं सैन्य कुठल्या कामाचं. संरक्षणावर आपण कमी खर्च केला, हे खरं आहे, ते त्यांनी सांगितलं तर ऐकून घ्यायला हवं. पण त्या पेट्यांचा हिशोब त्यात धरायला नको का?

आम्ही दोघं हिवाळ्यात फ्लोरिडाला असायचो. छोटं घर होतं. एप्रिल २०२५ पासून तीस दिवसांहून जास्त राहणाऱ्या कॅनेडियनांना नोंदणी करावी लागते, त्यासाठी अर्ज भरा. कायदा जुनाच आहे, लावायला आता लागले. या वर्षी घर विकलं. भाव पडलेला होता, कारण आमच्यासारखे विकणारे पुष्कळ. तिथली शेजारीण, अस्सल रिपब्लिकन, रडली. दर आठवड्याला फोन करते. तिच्यावर आमचा रत्तीभर राग नाही.

नवाकोरा | वॉटरलू

मी शिकायला आलो, आता पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, आहे. पासपोर्ट भारताचा, त्यामुळे अमेरिकेत जायचं तर व्हिसा हवाच. बहिष्कार घालायची माझी ऐपतच नाही. पण एक निरीक्षण. आधीची दोन-तीन वर्षं इथे आमच्यासारख्यांबद्दल वातावरण फार बिघडलं होतं. घरभाडं वाढलं, विद्यार्थ्यांमुळे. दवाखान्यात रांग, विद्यार्थ्यांमुळे. २०२५ च्या वसंतात पहिल्यांदाच चर्चेचा रोख आमच्यावरून हटला. १५ फेब्रुवारीला मॉन्ट्रियलमध्ये कॅनडा-अमेरिका हॉकी सामना होता, अमेरिकेच्या राष्ट्रगीताला लोकांनी हुर्यो केली, पहिल्या नऊ सेकंदांत तीन मारामाऱ्या झाल्या आणि आपण ३-१ हरलो. पाच दिवसांनी बॉस्टनला अंतिम सामन्यात जादा वेळेत आपल्या मॅकडेव्हिडनं गोल मारून जिंकून दिलं तेव्हा आमच्या हॉस्टेलसारख्या घरातली पंजाबी, मराठी, नायजेरियन पोरं आणि खालचा गोरा घरमालक एकमेकांच्या गळ्यात पडले होते. मला हॉकी कळत नाही. पण तेव्हा 'आपण' कोण हे कळलं.

राष्ट्रगीताला हुर्यो करणं मला आवडलं नाही, हेही लिहितो. गाणाऱ्याचा काय दोष?

जुनीपानं | किंग्स्टन, ओंटारियो

थोडा इतिहास, कारण ही भीती आजची नाही. १८१२ च्या युद्धात अमेरिकन फौज इथे आली, १८१३ मध्ये त्यांनी यॉर्क, म्हणजे आजचं टोरांटो, जाळलं. १८६७ मध्ये कॅनडा एकत्र झाला त्यामागे अमेरिकेची धास्ती हे एक मोठं कारण होतं. १९११ मध्ये पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए यांनी अमेरिकेशी व्यापारकराराचा घाट घातला आणि त्याच मुद्द्यावर निवडणूक हरले. १९८८ मध्ये पंतप्रधान ब्रायन मुलरोनी त्याच मुद्द्यावर जिंकले, तरी मतदारांतले निम्म्याहून जास्त विरोधी पक्षांकडे गेले होते. आणि २८ एप्रिल २०२५. जानेवारीत सत्ताधारी लिबरल पक्ष पाहण्यांमध्ये वीस-बावीस टक्क्यांनी मागे होता, सगळे त्याची उत्तरक्रिया उरकून बसले होते. मार्क कार्नी पक्षाचे नेते आणि पंतप्रधान झाले, अमेरिकेशी जुनं नातं संपलं असं त्यांनी मार्चमध्ये स्पष्ट सांगितलं, आणि पक्ष सत्तेत राहिला. समोरच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते पॉलिएव्ह स्वतःची जागासुद्धा हरले. म्हणजे अमेरिकेकडे बोट दाखवून कॅनडात निवडणूक फिरते, हे शंभराहून जास्त वर्षांचं आहे.

पण माझ्या गावातली एक घटना इथे सगळ्यांना सांगावीशी वाटते. १८ ऑगस्ट १९३८ ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात आले होते. युरोपात युद्धाचे ढग होते. त्यांनी जाहीर सांगितलं की कॅनडाच्या भूमीवर दुसऱ्या कुठल्या साम्राज्यानं वर्चस्व गाजवायचा प्रयत्न केला तर अमेरिकेचे लोक हातावर हात ठेवून बसणार नाहीत. त्याच दिवशी थाउजंड आयलंड्स पुलाचं उद्घाटन झालं. तो शब्द ऐंशीहून जास्त वर्षं पाळला गेला. १९५८ मध्ये नोराड झालं, दोन देशांचं आकाश एकत्र राखायला, आणि ते आजही चालू आहे. अमेरिकन आणि कॅनेडियन अधिकारी आज या क्षणीसुद्धा एकाच खोलीत ड्युटीवर असतील. २००३ मध्ये इराकला सैन्य पाठवायला आमचे पंतप्रधान क्रेत्येन यांनी नकार दिला, वॉशिंग्टन नाराज झालं, पण कॅनडा देशच नसावा असं कुणी म्हटलं नाही. लेकशोअर म्हणतात ते मला म्हणूनच पटतं. मतभेद नेहमी होते. त्या १९३८ च्या शब्दानंतर अस्तित्वावर बोट पहिल्यांदाच ठेवलं गेलं.

पेठकर

आता उलगडलं. आपल्याशी अमेरिकेचं नातं गरजेचं, तुमच्याशी घरोब्याचं. दोन बिऱ्हाडांत एकच सामाईक भिंत असावी आणि एकानं म्हणावं की भिंत माझी, खोलीही माझीच. आणखी विचारतो, अमेरिकेतल्या मराठी मंडळींशी तुमचं काही बिनसलं का?

डेट्रॉईट_काठ

पेठकर, बिनसलं नाही, पण अवघडलंय. माझी सख्खी बहीण मिसिसागाला आहे. गणपतीला आम्ही तिच्याकडे जातो, दिवाळीला ती इकडे यायची. या दिवाळीला आली नाही. "तुझ्यासाठी यायचंय रे, पण पलीकडे पैसे खर्च करायचे नाहीत," म्हणाली. मी म्हटलं खर्च करू नकोस, डबा घेऊन ये. तिनं ऐकलं नाही. पोरांना काय सांगायचं?

मी तिच्या जागी असतो तर कदाचित हेच केलं असतं. पण मला इथे मत आहे, मी ते नीट वापरतो, माझ्या प्रतिनिधीला पत्रं लिहितो. माझ्यासारखे लाखो आहेत. आमच्याशीही बोलणं तोडलं तर इथे तुमची बाजू मांडणार कोण?

लेकशोअर

दादा, बहिणीकडे तुम्ही चार दिवस जास्त राहा यंदा. तिकडून येणाऱ्यांवर इथे कुणाचा राग नाही, हे खात्रीनं सांगते. मिशिगन, ओहायोच्या नंबरप्लेटा आमच्या वाइनरींसमोर असतात आणि लोक मुद्दाम जाऊन त्यांच्याशी बोलतात. ऑक्टोबरात टोरांटोचा बेसबॉल संघ ब्लू जेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, खेळला तेव्हा सगळा देश निळा झाला होता, आणि त्या संघात बहुतेक खेळाडू अमेरिकन नाहीतर कॅरिबियन बेटांवरचे. १ नोव्हेंबरला सातवा सामना हरलो तेव्हा इथल्या बारमध्ये रडणारी माणसं अमेरिकन पोरांसाठी रडत होती.

साल्टस्प्रे | सरे, ब्रिटिश कोलंबिया

पश्चिम किनाऱ्याचं थोडक्यात. इथून जवळच पॉइंट रॉबर्ट्स आहे. ४९ अंशांची रेघ सरळ आखली त्यात एका भूशिराचं टोक अमेरिकेकडे गेलं. तिथल्या लोकांना स्वतःच्या देशात गाडीनं जायचं तर कॅनडातूनच जावं लागतं. एक मोठं किराणा दुकान, थोडे पेट्रोल पंप, पार्सल ठेवायची दुकानं, सगळं आमच्या जिवावर. ती जागा ओस पडलीये. तिथल्या लोकांनी आमच्या प्रीमियरना साकडं घातलं की आम्हाला बहिष्कारातून वगळा. माझा नवरा म्हणतो वगळायला हवं, मलाही तसंच वाटतं. सीमेवरच्या पीस आर्च या कमानीवर १९२१ पासून कोरलंय की ही दारं कधी बंद न होवोत.

आता कामाचं. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, २०२६ चं अधिवेशन सिअॅटलला आहे. सरेहून गाडीनं अडीच-तीन तास. एरवी व्हँकुव्हरहून गाड्या भरभरून गेल्या असत्या. मंडळात दोन तट पडलेत. काय करावं?

माईसाहेब

जावं. तिथे येणारी माणसं आपलीच आहेत.

नदीपलीकडे

मी बहिष्कारवाला असूनही म्हणतो, जा. मी रोज जातोच की कामाला. ते मंडळ दोन्ही देशांचं आहे, आपण गेलो नाही तर ते एकाच देशाचं होईल. मुक्काम मात्र नातेवाइकांकडे करा.

नवाकोरा

ज्यांचा पासपोर्ट भारताचा आहे त्यांनी आधी व्हिसाच्या मुलाखतीची तारीख बघा. टोरांटो, व्हँकुव्हर दोन्हीकडे फार लांबच्या तारखा आहेत.

टोरांटोकाका

आम्ही येणार नाही. वय झालं आणि मनही नाही. पण सरेच्या नाटकवाल्या मुलांना पाठवा. त्यांच्या प्रवासखर्चात आमचा वाटा धरा, मला निरोप टाका.

साल्टस्प्रे

काका, निरोप टाकलाय. मंडळाची बैठक रविवारी आहे, तिथे हा धागा वाचून दाखवते. डेट्रॉईट_काठ, तुमच्या बहिणीलाही सिअॅटलचं विचारा.

डेट्रॉईट_काठ

विचारतो. तिला तिथे यायचं नसेल तर व्हँकुव्हरला भेटू म्हणावं, मीच येतो.